निळा राहिला की गुलाबी झाला? औषध टाकण्याआधी हे वाचा



आपल्या इच्छापोर, हजीरा, ओलपाड पट्ट्यात झिंग्याचे तलाव भरपूर. माल मरायला लागला की पहिला प्रश्न एकच, कुठलं औषध टाकू? मग शेजाऱ्याने टाकलं तेच आपणही टाकतो. पण औषध लागू पडणार की नाही, हे प्रयोगशाळेत आधी कळू शकतं. तेही रंगावरून.

ही युक्ती दूध डेअरीत जुनी आहे. 10 मिली दुधात 1 मिली मिथिलीन ब्लूचं पाणी घालून नळी 37 अंशांवर ठेवतात. जंतू जास्त असतील तर निळा रंग लवकर उडतो. अर्ध्या तासात उडाला तर दूध खराब, पाच तास टिकला तर उत्तम. असं का होतं? जिवंत जंतू अन्न पचवताना इलेक्ट्रॉन सोडतात. ते रंगाला मिळाले की रंग बदलतो. मेलेल्या जंतूकडून हे होत नाही.

औषध तपासायला रेझाझुरिन नावाचा रंग वापरतात. हा मुळात निळा, जिवंत जंतूंनी गुलाबी होतो. 96 खळग्यांची प्लेट घेतात. खळग्यांत सारखेच जंतू, औषध मात्र दर खळग्यात निम्मं निम्मं कमी. काही तासांनी रंग टाकून बघायचं. गुलाबी झाला, जंतू जगले. निळा राहिला, त्यांची वाढ थांबली. सगळ्यात कमी औषधाचा निळा खळगा म्हणजे त्या औषधाची लागू पडणारी किमान मात्रा. औषधाला न जुमानणारा टीबी ओळखायला जागतिक आरोग्य संघटनेनेही 2011 च्या धोरणात अशी रंगाची पद्धत मोठ्या प्रयोगशाळांसाठी मान्य केली.

आता आपल्या कामाचं:

1. व्हाइट स्पॉट हा विषाणूचा रोग. त्यावर कुठलंही अँटिबायोटिक चालत नाही, पैसे पाण्यात जातात. व्हिब्रिओ हा जिवाणू, तिथे ही तपासणी उपयोगी.

2. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरानवर बंदी आहे. प्लेटवर लागू पडलं तरी तलावात टाकायचं नाही. मालात अंश सापडला तर परदेशातून कन्साइनमेंट परत येते.

3. मालात औषधाचा अंश उरला का, हे या रंगावरून कळत नाही. त्याची तपासणी वेगळी.

4. अर्धवट औषध टाकलं की कमजोर जंतू मरतात, चिवट उरतात आणि वाढतात. पुढच्या खेपेला तेच औषध फुकट जातं. पाणी खाडीत सोडलं की ते चिवट जंतू शेजारच्या तलावातही पोचतात.

म्हणून मंडळी, माल मरताना दिसला तर औषध टाकण्याआधी नमुना द्या. नमुना आजारी पण जिवंत झिंग्याचा हवा, सोबत तलावाचं पाणी. आधी औषध टाकलं तर प्रयोगशाळेत जंतू नीट वाढत नाहीत, मग तपासायचं काय? आणि हा प्रयोग घरी करू नका, जिवंत जंतूंचं काम आहे.

आपला,
सचिव