पीळ येतो कुठून?

मित्रांनो, हा लेख वाचण्याआधी एक काम करा. ताईच्या किंवा तुमच्याच वेणीची एक लांब रिबीन घ्या आणि स्वयंपाकघरातला एक उभा पेला घ्या. रिबिनीचे पाच वेढे पेल्याभोवती नीट, सपाट गुंडाळा. आता पेला जमिनीवर आडवा धरून गडगडत सोडा. रिबीन उलगडेल, अगदी सरळ. पुन्हा पाच वेढे घ्या. या वेळी पेला हलवायचा नाही. तो टेबलावर उभा धरून ठेवा आणि रिबिनीचं टोक धरून वेढे वरच्या काठावरून ओढून काढा. पाहिलंत? रिबिनीला पीळ पडला! मोजा बरं. पाच वेढे होते, म्हणून पाच पीळ.

आता हाच पीळ एका माशाच्या आड कसा आला, ते सांगतो.

माझा भाचा आठवीत आहे. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत त्याला नवी गळकाठी आणि फिरतं रीळ मिळालं. आम्ही रायगड जिल्ह्यातल्या एका खाडीकाठी गेलो. या खाड्यांमधला जिताडा ठाऊक आहे ना? चवीला पहिला नंबर आणि ताकदीलाही. तासभर काहीच नाही. मग एकदम काठी वाकली. "मामा, लागला!" असं ओरडत पठ्ठ्या हँडल गरागरा फिरवायला लागला. रीळ कर्रकर्र वाजत होतं, मासा दोरा ओढून नेत होता, आणि हा आपला फिरवतोच आहे! मासा क्षणभर थांबला, दोरा सैल पडला, आणि त्याच्या आपोआप गुंडाळ्या झाल्या. त्यातली एक काठीच्या कडीत अडकली. पुढच्या हिसक्याला दोरा तटकन तुटला. भाच्याचा चेहरा पाहवेना.

"दोरा वाईट होता," असं तो म्हणाला. मलाही तेच वाटलं होतं. पण दोरा चांगला होता. वाईट होता तो पीळ.

पतंगाची फिरकी आठवा. दोर सुटताना फिरकी स्वतः फिरते, म्हणून मांज्याला पीळ पडत नाही. मासेमारीची जुनी रिळंही अशीच फिरायची. पण हलकं आमिष लांब फेकायचं तर त्या जड चाकाला आधी गती द्यावी लागते, आणि आमिष थांबलं तरी चाक फिरतच राहतं. मग काय, गुंता! यावर स्कॉटलंडमधल्या पर्थ गावच्या पीटर मॅलॉक यांनी 1884 मध्ये एक युक्ती काढली. फेकताना रीळ काटकोनात वळवायचं, म्हणजे दोरा तुमच्या पेल्यासारखा काठावरून सुटतो. गुंडाळताना ते परत सरळ करायचं. झकास! पण तुम्ही हुशार आहात, घोटाळा ओळखला असेलच. फेकताना पीळ पडायचा आणि गुंडाळताना तो निघायचा नाही. दर फेकीला भर! मग मॅलॉक यांनी बॉबिन उलटी बसवता येईल अशी केली, म्हणजे पुढचा पीळ तरी उलट्या दिशेने पडेल.

खरं उत्तर मिळालं ते 1905 मध्ये. आल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थ हे इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड या लोकरीच्या गिरण्यांच्या गावचे गिरणीवाले. सूत चात्यावरून सुटताना आणि गुंडाळलं जाताना त्यांनी रोज पाहिलेलं. त्यांच्या रिळात बॉबिन गुंडाळतानाही स्थिर राहते, आणि दोरा धरणारा भाग तिच्याभोवती फिरतो. म्हणजे फेकताना जितके पीळ पडले, तितकेच गुंडाळताना उलटे सुटतात. रिबीन काठावरून ओढलीत ना? आता तिचं टोक धरून ती पहिल्याच दिशेने पुन्हा पेल्याभोवती फिरवा. पीळ गायब!

म्हणजे रीळ स्वतः घातलेला पीळ स्वतःच काढून टाकतं. उरतो तो आपण घातलेला.

आपण तो कसा घालतो? भाच्याने केलं तसं. मासा जोर करतो तेव्हा दोरा तुटू नये म्हणून रिळाची बॉबिन घसरते. त्या वेळी हँडल फिरवलं तर दोरा आत येत नाही, नुसता पिळला जातो. बहुतेक रिळांत हँडलच्या एका फेरीला फिरता भाग सुमारे पाच वेळा फिरतो. वीस फेऱ्या मारल्या तर शंभर पीळ! म्हणून मासा ओढत असेल तेव्हा हात स्वस्थ ठेवायचा. तो थांबला की काठी हळूच वर उचलायची, आणि ती खाली आणता आणता दोरा गुंडाळायचा. हे ऐकायला सोपं आहे. जिताडा लागल्यावर हात स्वस्थ ठेवणं किती अवघड, ते मात्र तिथे उभं राहिल्याशिवाय कळणार नाही.

दुसरी चूक आमची, म्हणजे मोठ्यांची. नवा तंगूस रिळावर भरताना मीच त्याच्या गुंडाळीत पेन्सिल घालून भाच्याला धरायला सांगितलं होतं. गुंडाळी फिरते, म्हणजे तिच्याकडून पीळ येत नाही, हे खरं. पण रीळ गुंडाळताना स्वतःचा पीळ घालतंच, त्याचं काय? आई-बाबांनो, गुंडाळी जमिनीवर आडवी ठेवा, लेबल वर. ओल्या फडक्यात दोरा हलका दाबून धरा आणि दहा-पंधरा वेढे भरून थांबा. दोरा सैल सोडा. तो वळवळून एकमेकांत गुंतला, तर गुंडाळी उलटी करा. आता एकीकडचा पीळ दुसरीकडच्याला खोडतो. बॉबिन काठोकाठ भरू नका, दोन-तीन मिलिमीटर जागा सोडा.

आमिष पाण्यात गरगर फिरणारं असेल, तर त्याच्या आधी भवरकडी लावा. भवरकडी म्हणजे कुत्र्याच्या साखळीला असते ना, तशी मधे फिरणारी कडी. साखळी तीमुळेच पिळत नाही. आणि फेकून झाल्यावर रिळाची तारेची कमान हाताने मिटा, दोरा जरासा ताणा, मगच हँडलला हात लावा.

इतकं करूनही पीळ पडलाच तर? आमिष, गळ, भवरकडी सगळं काढून टाका. वाहत्या पाण्यात नुसता दोरा चाळीस-पन्नास मीटर सोडा, थोडा वेळ तसाच राहू द्या, आणि बोटांच्या चिमटीतून गुंडाळत आणा. मोकळ्या टोकाकडून पीळ निघून जातो. अर्थात हे सारं मोठं माणूस सोबत असतानाच करायचं, खाडीचा चिखल आणि भरती कुणाची वाट पाहत नाहीत.

फारच गुंतला तर कापा. पण कापलेला तुकडा खिशात! त्या दिवशी परत येताना कांदळवनात एक बगळा दिसला होता. त्याच्या पायाला नायलॉनचा झुपका गुंडाळलेला होता, एक पाय वर धरून तो उभा होता. भाचा पुढे झाला तसा तो कसाबसा उडाला, आणि दोऱ्याचं टोक त्याच्यामागे लोंबत गेलं. नायलॉन कुजत नाही, त्यामुळे ते टोक आपोआप सुटायची आशा कमीच. भाचा त्याबद्दल काही बोलला नाही. घरी येऊन त्याने आपल्या पिशवीच्या आतल्या बाजूला एक प्लॅस्टिकची बाटली बांधली, तुकडे टाकायला.

मे महिन्यात आम्ही पुन्हा गेलो होतो. बाटलीत बोटभर तुकडे जमले, त्यांतले निम्मे दुसऱ्यांनी टाकलेले. दोन शेंगटी मिळाल्या. जिताडा अजून मिळायचाय.