शस्त्रक्रियेनंतर अवयव चिकटू नयेत म्हणून...

मासिक पाळीतील असह्य वेदना आणि लांबलेले मातृत्व या दोन तक्रारींच्या मुळाशी अनेकदा एन्डोमेट्रिऑसिस हा विकार असतो. गर्भाशयाच्या अस्तरासारख्या ऊती गर्भाशयाबाहेर, बीजांडकोशावर किंवा आतड्यांवर वाढू लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के स्त्रियांना हा विकार असतो. औषधांनी भागले नाही, तर शस्त्रक्रियेने या ऊती काढल्या जातात. मात्र ज्या वेदनेतून सुटका व्हावी म्हणून शस्त्रक्रिया केली, ती काही जणींच्या बाबतीत निराळ्या कारणाने परतते. ते कारण म्हणजे ‘अ‍ॅडहेजन्स’, अर्थात अवयवांना एकमेकांशी जखडणारे चिकट पट्टे.

पट्टे कसे तयार होतात?

उदरपोकळीतील अवयवांवर पेरिटोनियम नावाचे गुळगुळीत आवरण असते. त्याला इजा झाली, की काही तासांतच तेथे फायब्रिन या चिकट प्रथिनाचा थर साचतो. एरवी शरीर तो काही दिवसांत विरघळवते. रक्तपुरवठा तुटला असेल किंवा दाह असेल, तर थर तसाच राहतो आणि आठवडाभरात त्याचा तंतुमय पट्टा बनू लागतो. एन्डोमेट्रिऑसिसमध्ये दाह मुळातच असल्याने धोका अधिक. बीजांडकोश पट्ट्यांत अडकला, तर बीज गर्भनलिकेत पोहोचणे अवघड होते.

प्रतिबंध शस्त्रक्रियागृहातच

म्हणूनच खरा प्रतिबंध शस्त्रक्रियेच्या वेळीच करावा लागतो. ऊती हळुवार हाताळणे, त्या ओलसर ठेवणे, रक्तस्राव पूर्ण थांबवणे, टाके मोजकेच घालणे ही पथ्ये महत्त्वाची. पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेपेक्षा दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत नवे पट्टे कमी होतात. अजिबात होत नाहीत असे नाही. हातमोज्यांवरील पावडरही पट्ट्यांना निमित्त ठरते. अमेरिकेने २०१७ पासून असे मोजे बंद केले.

जखमी पृष्ठभाग वेगळे ठेवण्यासाठी सेल्युलोजची विरघळणारी जाळी पसरता येते. तिने पट्टे कमी होतात. परंतु रक्तस्राव चालू असेल तर ती निरुपयोगी ठरते. शिवाय तिच्यामुळे वेदना घटतात किंवा गर्भधारणा वाढते, असे ठोसपणे सिद्ध झालेले नाही.

आधीच विचारावे

शस्त्रक्रियेनंतर लवकर हिंडणे-फिरणे हितकारक असले, तरी तयार झालेले पट्टे व्यायामाने किंवा औषधाने विरघळत नाहीत. हार्मोनच्या गोळ्या मूळ विकार परतण्याची शक्यता कमी करतात, पट्टे काढत नाहीत. शस्त्रक्रियेने कापलेले पट्टेही पुन्हा धरू शकतात. त्यामुळे पहिलीच शस्त्रक्रिया पूर्ण तयारीनिशी, या विकाराचा अनुभव असलेल्या तज्ज्ञाकडून होणे श्रेयस्कर. अपत्याची इच्छा, आधीच्या शस्त्रक्रिया आणि पट्टे टाळण्यासाठी योजलेले उपाय यांविषयी रुग्णाने आधीच मोकळेपणी बोलावे. शस्त्रक्रियेनंतर कधीही पोट फुगून तीव्र कळा व उलट्या सुरू झाल्या आणि गॅस सरणे थांबले, तर आतड्याचा मार्ग अडल्याची शक्यता असते. अशा वेळी विनाविलंब रुग्णालय गाठावे.