पहिली चाल, कारण आणि श्रेय

आज आपण मंचरमध्ये बसून टोरांटोतल्या बुद्धिबळाच्या एका डावाचा विचार करणार आहोत. खेळाडू मात्र लांबचा नाही. आपल्या पुणे-नाशिक रस्त्याच्या दुसऱ्या टोकाचा, नाशिकचा विदित गुजराथी.

एप्रिल २०२४ मध्ये तिथे कॅन्डिडेट्स स्पर्धा झाली. जगज्जेत्याला आव्हान कोण देणार, हे ती ठरवते. आठ खेळाडू, प्रत्येकाशी दोन डाव, एकदा पांढरी मोहरी, एकदा काळी. विजयाला एक गुण, बरोबरीला अर्धा. १४ एप्रिलला, नवव्या फेरीत, पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळताना विदितनं अमेरिकेच्या हिकारू नाकामुराला हरवलं.

आता आपण म्हणू, पांढऱ्याला पहिली चाल मिळते, म्हणून जिंकला. थांबा जरा. आदल्याच दिवशी विदितकडे पांढरी मोहरी होती आणि तो गुकेशकडून हरला होता. दुसऱ्या फेरीत याच नाकामुराला त्यानं काळ्या मोहऱ्यांनी हरवलं होतं. म्हणजे पहिल्या चालीचा फायदा खरा, पण थोडा. पेरणी वेळेवर झाली की पीक येतंच असं नाही. मदत करणारं कारण वेगळं, पुरेसं कारण वेगळं.

पुढचा प्रश्न अवघड आहे. शेवटी गुकेश ९ गुणांनी पहिला आला; नाकामुराचे साडेआठ. चौदा डावांत नाकामुरा दोनदाच हरला, दोन्ही वेळा विदितकडून. विदित स्वतः ६ गुणांवर, सहावा. पुढे डिसेंबरात सिंगापूरला डिंग लिरेनला हरवून गुकेश जगज्जेता झाला. मग हे सगळं विदितनं घडवलं का?

नववा डाव बरोबरीत सुटला असता तर नाकामुराचेही ९ झाले असते, असं गणित मांडता येतं. पण मग पुढच्या पाच फेऱ्या तशाच झाल्या असत्या का? अर्धा गुण जास्त असलेला माणूस वेगळा खेळतो. जर-तरमध्ये एकच गोष्ट बदलून बाकीचं जग जागच्या जागी ठेवता येत नाही. म्हणून विदितचा विजय हे अनेक कारणांपैकी एक कारण. श्रेय गुकेशचंच, कारण ते ९ गुण त्यानं स्वतः कमावले.

आणि विदितचं काय? आदल्या दिवशी हरलेला माणूस दुसऱ्या दिवशी ढिला खेळला असता, तर नाकामुराला फुकटचा गुण मिळाला असता आणि बाकीच्यांवर अन्याय झाला असता. तो पूर्ण ताकदीनं खेळला. पहिल्या क्रमांकाला अर्थ येतो, तो सहावा माणूसही असा खेळतो म्हणून.