गार लोण्याचं मोहन

नोव्हेंबरचा चौथा गुरुवार, सकाळचे साडेनऊ. बाहेर तापमान दोन अंश. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या श्रूजबरी गावात एका मराठी घराच्या मागच्या डेकवर झाकलेली ताटली आहे, आणि खारींनी तोंड घालू नये म्हणून झाकणावर जड पातेलं. ताटलीत लोण्याचे बोराएवढे तुकडे. फ्रिजमध्ये बोट शिरायला जागा नाही, आणि आज लोणी गार असणं फार महत्त्वाचं आहे.

गावाचं नाव पुणेकरांना हसवणारं. श्रूजबरी म्हटलं की कॅम्पातली कयानी बेकरी आणि तिच्या दारातली रांग डोळ्यांपुढे येते. बिस्किटाला नाव मिळालं ते इंग्लंडमधल्या श्रूजबरीवरून, आणि बॉस्टनपासून तासाभराच्या आत असलेल्या या गावाच्या नावाचं मूळही फिरून तिथंच जातं. घरात सध्या लेकीकडे कोथरूडहून आलेली आई मुक्कामाला आहे. थँक्सगिव्हिंगचं जेवण शेजारच्या अमेरिकन कुटुंबाकडे. टर्की त्यांची, गोड पदार्थ यांचा: ॲपल क्रिस्प.

पदार्थ अगदी साधा. तळाशी सफरचंदाच्या फोडी, वर ओट्स, मैदा, ब्राउन शुगर आणि लोणी यांचा भरड चुरा, आणि सगळं ओव्हनमध्ये. पायसारखी पोळी लाटायची नाही, कडा दुमडायच्या नाहीत, नक्षी नाही. अंडंही नाही, त्यामुळे शाकाहारी घरातली ही बाई गेली आठ वर्षं हेच नेते आणि कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही. याच गोत्रातले कॉब्लर, ब्राउन बेटी, पँडाउडी, बकल असे बरेच पदार्थ अमेरिकेत आहेत. कशावर बिस्किटासारखी कणीक, कशात पावाचा चुरा. क्रिस्प त्यांतलं धाकटं भावंड. आजवर सापडलेल्या त्याच्या सर्वांत जुन्या छापील कृती १९२४ च्या. बॉस्टनच्या फॅनी फार्मर या बाईंनी १८९६ मध्ये काढलेल्या गाजलेल्या पाकपुस्तकात ते नव्हतं.

या फॅनी फार्मर बाईंचं नाव घ्यायलाच हवं. कप आणि चमचा भरून वर सुरीचं पातं फिरवायचं, माप सपाट करायचं, हा आग्रह त्यांनी अमेरिकेच्या स्वयंपाकघरात रुजवला. आपल्याकडे वाटी कधी सपाट, कधी शिगोशीग, आणि ते सांगायला शब्दही आहे. कोथरूडच्या आईने मैद्याचा कप शीग लावून भरला, तेव्हा मुलीने न बोलता सुरी पुढे केली. ब्राउन शुगर मात्र उलट, दाबून दाबून भरायची. ती साखर म्हणजे पांढऱ्या साखरेत परत मिसळलेली मळी. सैल भरली तर माप चुकतं. डब्यात तिचा दगड झाला होता. त्यात काल रात्री सफरचंदाची एक फोड टाकून ठेवली होती, सकाळी साखर पुन्हा ओलसर.

सफरचंदं गॅरेजमधून आली. ऑक्टोबरच्या एका रविवारी मुलांना घेऊन बागेत जाऊन स्वतः तोडलेली. न्यू इंग्लंडमध्ये शरद ऋतूत हा उद्योग जवळपास प्रत्येक घर करतं. हा सगळा टापूच सफरचंदांचा. जॉनी ॲपलसीड या नावाने अमेरिकी मुलांच्या गोष्टींत गेलेला जॉन चॅपमन १७७४ मध्ये इथून जवळच्याच लेमिन्स्टरला जन्मला. तो पश्चिमेकडे बियांपासून रोपं लावत गेला. बीपासून उगवलेल्या झाडाला आईसारखं फळ येत नाही. त्याच्या झाडांची बरीचशी फळं खाण्यापेक्षा सायडरच्या कामाची. खायची खात्रीची जात हवी तर कलमच लागतं, हे कोकणातल्या कोणत्याही हापूसवाल्याला सांगायला नको.

परडीत दोन जाती होत्या, आणि हे जाणूनबुजून. ग्रॅनी स्मिथ हिरवं, आंबट, घट्ट; ऑस्ट्रेलियात सिडनीजवळ मारिया ॲन स्मिथ या बाईंच्या बागेत १८६८ च्या सुमारास सापडलेलं. दुसरं कॉर्टलँड, न्यूयॉर्क राज्यातल्या जिनिव्हा इथल्या संशोधन केंद्रात तयार झालेलं, लालसर, गोडसर, चिरल्यावर बराच वेळ पांढरं राहणारं. दोन का? सफरचंदाच्या आत सुमारे पाव भाग हवा असते, म्हणून तर ते पाण्यावर तरंगतं. भाजताना ती हवा निघून जाते, पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन सैल होतं. आंबट, घट्ट फळात हे सावकाश होतं आणि फोड आकार धरून राहते. मऊ फळ लवकर ढेपाळतं. थोड्या फोडी उभ्या, थोड्या विरघळून रस झालेल्या, हे मिश्रण चांगलं. पहिल्या वर्षी लेकीने नुसतं रेड डिलिशस वापरलं होतं. दिसायला देखणं, भाजल्यावर बाळाला भरवायची पेज. आपल्याकडे हिमाचलातून पेट्या भरून येणारं 'डिलिशस' ते याच घराण्यातलं. कोटगढला ती झाडं आणणारा सॅम्युअल स्टोक्सही अमेरिकनच, पुढे सत्यानंद स्टोक्स झालेला.

सोलायचं काम आईकडे. पीलर तिने बाजूला सारला आणि लहान सुरीने एका सफरचंदाची साल एकाच रिबिनीत उतरवली. सव्वा किलोवर सफरचंदं सोलून झाली तेव्हा सालींचा ढीग तिच्या ताटात. "टाकतेस काय? याची चटणी होईल." चटणी झाली नाही. अर्ध्या साली तिने बोलता बोलता खाऊन टाकल्या.

फोडी बोटाएवढ्या जाड. पातळ केल्या तर गाळ होतो, जाड ठेवल्या तर वरचा चुरा करपेपर्यंत आतून कच्च्या राहतात. त्यांवर एका लिंबाचा रस, थोडी साखर, दालचिनीची पूड, जायफळ चार वेळा किसणीवर ओढून, आणि दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोर. कॉर्नफ्लोरचं काम रसाला अंग देणं. ते मिसळून फोडी काचेच्या पायरेक्समध्ये पसरल्या. नऊ इंच बाय तेरा, अमेरिकेतलं जवळजवळ राष्ट्रीय भांडं.

मग आलं चुऱ्याचं प्रकरण, आणि तिथे मायलेकींचं जुंपलं.

परातीत एक कप मैदा, दीड कप ओट्स, पाऊण कप ब्राउन शुगर (कृतीत एक कप होती, मराठी घरात ती पहिल्याच वर्षी कमी झाली), अर्धा चमचा मीठ. ओट्स जाड पोह्यांसारखे सपाट दाबलेले. दोन मिनिटांत शिजणारे बारीक ओट्स इथे चालत नाहीत, त्यांची पेस्ट होते. डेकवरची ताटली आत आली. लोणी पावणेदोनशे ग्रॅमला थोडं कमी, म्हणजे इथल्या दीड कांड्या. आई म्हणाली, "अगं, कढवून घाल की. गार लोण्याचं कसलं मोहन?"

प्रश्न योग्य होता. शंकरपाळ्यात, करंजीच्या पारीत तूप कडकडीत गरम करून घालतात. मोहनाचं काम दोन्हीकडे एकच: स्निग्धाचा थर पिठाच्या कणाभोवती बसतो, पाणी आत शिरत नाही, पिठाचा चिवटपणा जागा होत नाही आणि पदार्थ खुसखुशीत होतो. फरक पडतो तो लोणी आणि तूप यांत. तुपात पाणी जवळपास नसतंच. अमेरिकेतल्या लोण्यात किमान ८० टक्के स्निग्धांश लागतो, उरलेलं बहुतेक पाणी. लोणी वितळलं की हे पाणी मैद्याला जाऊन मिळतं आणि चुऱ्याची कणीक व्हायला लागते. गार तुकडे मात्र पिठात तसेच अडकून राहतात. ओव्हनमध्ये वितळतात, तेव्हा पाण्याची वाफ होऊन जाते आणि मागे खडबडीत, रवाळ गाठी उरतात. वितळवलेलं लोणी घालूनही काही जण क्रिस्प करतात. वाईट होत नाही, पण वरचा थर जरा टणक, बिस्किटाच्या अंगाने जाणारा.

म्हणून हात लावायचा तो बोटांच्या टोकांनी. आईने सवयीने दोन्ही तळव्यांत घेऊन चोळायला सुरुवात केली. तळवे उबदार, हात साठ वर्षांच्या सरावाचा. मिनिटभरात तिच्या बाजूचं पीठ चकचकीत होऊन गोळा व्हायला लागलं. मुलगी काही बोलली नाही. तिने परात उचलली, दार उघडून डेकवर ठेवली, दहा मिनिटं घड्याळ लावलं. परात आत आली तेव्हा गोळा पुन्हा फुटण्याइतका घट्ट झाला होता.

शेवटची परीक्षा मात्र आईच्याच पद्धतीची. मूठभर चुरा घेऊन दाबायचा. मूठ वळली पाहिजे, आणि अंगठ्याने टोकलं की फुटली पाहिजे. "हे आपल्यासारखंच," आई म्हणाली आणि उरलेलं काम हातात घेतलं. वळलेल्या मुठी मोडून, काही खडे सुपारीएवढे ठेवून, तिने चुरा फोडींवर पसरला. दाबला नाही. वाफ निघायला वाट हवी.

क्रिस्पला मराठीत कुरकुरीत म्हणावं की खुसखुशीत, यावर मग दोघींची थोडी चर्चा झाली. चिवडा कुरकुरीत, करंजी खुसखुशीत. एक दातांखाली वाजतो, दुसरी विरघळते. या चुऱ्यात दोन्ही आहे: ओट्स वाजतात, मैदा-लोणी विरघळतं. निकाल लागला नाही.

दुपारी दीडला भांडं ओव्हनमध्ये गेलं, ३७५ फॅरनहाइटवर, म्हणजे सुमारे १९० सेल्सिअस. वीस मिनिटांनी दालचिनीचा वास जिन्यापर्यंत. पस्तिसाव्या मिनिटाला वरचा थर तांबूस झाला आणि आईला वाटलं, झालंच. झालं नव्हतं. रंग फसवतो; पाहायचं ते काचेच्या कडेला. सुरुवातीचे बुडबुडे पाण्यासारखे, भराभर फुटणारे. कॉर्नफ्लोर उकळीच्या जवळ गेल्यावरच पुरतं फुलतं, आणि मग तेच बुडबुडे जड होतात, गुळाच्या पाकासारखे सावकाश वर येऊन 'पुक्' करून फुटतात. हे अठ्ठेचाळिसाव्या मिनिटाला झालं. मधल्या फोडीत सुरी लोण्यात जावी तशी गेली.

काढल्यावर भांडं कोरड्या फडक्यावर. गरम काच ओल्या ओट्यावर ठेवली तर तडकू शकते. झाकण अजिबात नाही. गेल्या वर्षी नेताना सांडेल म्हणून गरम असतानाच फॉइल घट्ट लावलं होतं. वाफ आत कोंडली, चुऱ्याचा शिरा झाला, आणि यजमानांनी तो सभ्यपणे संपवला. यंदा भांडं तासभर उघडं राहिलं आणि नुसतं टॉवेलात धरून शेजारी गेलं.

टर्की बाहेर आल्यावर त्यांच्या ओव्हनमध्ये क्रिस्पला दहा मिनिटांची पुन्हा ऊब मिळाली. वर व्हॅनिला आइस्क्रीम. कोपऱ्यातला, काचेला चिकटून कॅरॅमल झालेला भाग शेजारच्या आजोबांनी न विचारता घेतला. आईने दोन घास खाऊन प्रवासी मराठी माणसाचं सर्वोच्च प्रशस्तिपत्रक दिलं, "बरं झालंय, फार गोड नाही." मग लेकीकडे झुकून, "पण शंकरपाळ्याला याची सर नाही यायची, तूप ते तूप." साडेसहापर्यंत भांडं रिकामं. टर्की अर्धी उरली होती.

घरी करून पाहणाऱ्यांसाठी: ओटीजीमध्ये सगळं निम्म्या मापाने, आठ इंची चौकोनी भांड्यात, १९० अंशांवर चाळीस मिनिटं पुरतील. सफरचंद आंबट आणि घट्ट निवडा. बाजारात ग्रॅनी स्मिथ मिळालं तर उत्तम, नाहीतर हिमाचलचं घ्या आणि लिंबू वाढवा. पुण्या-मुंबईच्या डिसेंबरात डेक उपयोगाचा नाही, परात फ्रीजरमध्ये ठेवा. आणि अमूलचं नेहमीचं पिवळं बटर वापरणार असाल, तर वेगळं मीठ घालू नका.