सोनेरी घड्याळाचें मोल

अठराव्या शतकांतील एखादें फ्रेंच भिंतीचें घड्याळ विक्रीस निघालें, कीं ग्राहक प्रथम त्याच्या ब्राँझवरील सोनेरी झळाळीस भुलतो. ती कशी येई, तें आम्ही येथें सांगतों. सोनें पाऱ्यांत कालवून तो लेप ब्राँझवर देत व विस्तवावर तापवीत. पारा वाफ होऊन उडे, सोनें मागें राही. परंतु ती विषारी वाफ मुलामा देणाऱ्याच्या श्वासांत जाई. त्याचे हात कांपूं लागत. पुष्कळांस अकालीं मृत्यु येई.

पॅरिसचे ब्राँझकार राव्हरिओ १८१४ सालीं निवर्तले. ह्या कारागिरांच्या रक्षणाचा उपाय शोधणारास ३,००० फ्रँक द्यावे, असें त्यांनीं मृत्युपत्रांत लिहिलें होतें. रसायनशास्त्रज्ञ दार्से यांनीं वाफ धुराड्यावाटे बाहेर नेणारी भट्टी रचून तें बक्षीस मिळविलें. विद्यार्थिमित्रहो, वस्तूची किंमत विचारतांना ती घडविणाऱ्या हातांचेंही स्मरण असावें.