लाकडाआधी भोपळा

तुकोबांची पालखी बारामतीहून निघते, बेलवाडीला गोल रिंगण होतं, मग निमगाव केतकी, इंदापूर आणि सराटीला नीरेचं स्नान. दिंडीदिंडीत विणेकऱ्याच्या गळ्यात वीणा असते. सराटीवरून पुढे वाहणारी नीरा इंदापूर तालुक्यातच, नरसिंहपूरला, भीमेला मिळते. त्याच भीमेकाठी, खाली पंढरपूर-मंगळवेढ्याच्या रानात, मिरजेच्या तंबोऱ्याचे भोपळे पिकतात. वाद्याचं लाकूड कसं निवडतात हे सांगताना मला भोपळ्यापासूनच सुरुवात करावीशी वाटते.

तंबोऱ्याचा भोपळा म्हणजे आपल्या दुधीचीच जात, पण कडू आणि जाड सालीची. फळ वेलीवरच पुरतं जून होऊ द्यावं लागतं. कोवळं तोडलं तर साल सुरकुतते, तडकते. कारागीर घेर बघतो, सालीची जाडी बघतो, वाजवून बघतो. मग वाळलेला भोपळा भिजवून मऊ करायचा, कापून बिया आणि गर खरवडून काढायचा, आत काठ्यांचे आधार देऊन हवा तो घेर आणायचा आणि पुन्हा वाळवायचा. लाकडाचा गळा जोडताना आकार बसला नाही, तर पुढची सगळी मेहनत वाया.

मिरजेत हे काम एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चालतं. फरीदसाहेब शिकलगार हे हत्यारांना धार लावणाऱ्या घराण्यातले. हत्यारांचा जमाना सरत आला आणि त्यांचा हात सतार-तंबोऱ्याकडे वळला. पुढे गायक अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले. त्यांना स्वतःला वाद्यं दुरुस्त करता येत. असा जाणता कान शेजारी असणं ही कारागिरांना मिळालेली मोठी शाळा होती, असं मला वाटतं.

भोपळ्यावर बसते ती तबली, म्हणजे वरची फळी. तिच्यासाठी तूनचं लाकूड वापरतात. ते बरंचसं कर्नाटकातल्या जंगलांतून येतं. जाड फळी आतून कोरून तिला बाहेरून फुगीर आकार देतात. तून हलकं, कोरायला सोपं आणि नीट मुरलं की सहसा वाकत नाही. कंप पावणाऱ्या तारेची ताकद अगदी थोडी असते. तेवढ्यात हलायला तबली हलकी हवी, आणि तारांचा ताण सोसायला ताठही हवी. गिटारवाले वरच्या फळीसाठी स्प्रूस घेतात तेही याच हिशेबाने. रेषा सरळ आहेत ना, गाठ नाही ना, लाकूड पुरतं सुकलंय ना, हे मिरजेतही पाहतात आणि अमेरिकेतही.

गिटारच्या पाठीला मात्र जड लाकूड लागतं, आणि तिथे आपल्या सह्याद्रीतल्या शिसवाचा मान मोठा. ब्राझीलचं रोजवूड दुर्मिळ झाल्यावर 1969च्या सुमारास गिटार बनवणाऱ्या मार्टिन कंपनीने भारतीय शिसव धरलं. 2017पासून शिसवाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले. तयार वाद्यांना त्यातून 2019मध्ये सूट मिळाली. पण या पाठीच्या लाकडाने आवाज किती बदलतो? इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी 2018मध्ये बावन्न वादकांना अंधारात सहा गिटार वाजवायला दिल्या. गिटारांत फरक फक्त पाठ आणि कडांच्या लाकडाचा. महाग लाकूड वादकांना नेमकं ओळखता आलं नाही. त्याच्या कितीतरी आधी, 1862मध्ये, स्पेनच्या तोरेस या गिटार-कारागिराने पाठ आणि कडा पुठ्ठ्याच्या करून गिटार बनवली होती. खरा जीव वरच्या फळीत असतो, हे त्याला ठाऊक होतं.

म्हणून लाकडाच्या नावाचा फार बडेजाव मला पटत नाही. जंगलातलं तून मिळालं नाही तर दुसरं हलकं लाकूड शोधता येईल. भीमाकाठचा भोपळा नाहीसा झाला तर त्या घेराचं, त्या हलकेपणाचं, जोडाशिवायचं गोल पोकळ भांडं कोरून करणं फार कठीण. 2024मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, याचा आनंद आहेच. पण शेतकऱ्याच्या बाजूने पाहिलं तर उसाला कारखाना हे ठरलेलं गिऱ्हाईक आहे. कडू भोपळा घेणारे मोजके, आणि न खपलेलं फळ खाताही येत नाही. पेरणीआधीच मिरजेच्या कारागिरांनी एकत्र येऊन भाव ठरवावा आणि थोडी उचल द्यावी, एवढं तरी व्हायला हवं.

बियाण्याचीही काळजी घ्यायला हवी. दुधी आणि हा भोपळा एकाच जातीचे, त्यामुळे शेजारच्या रानात दुधी असेल तर कीटक फुलांचा संकर करतात आणि पुढच्या पिढीत साल, घेर, आकार बदलू शकतो. ज्या वेलीने मोठा, जाड, सारख्या घेराचा भोपळा दिला, तिचं बी वेगळं राखून दुधीपासून लांब लावणारे शेतकरी हवेत.