समुद्रकाठचं घर, पाहुणे आणि बाईची मजुरी

हातातलं काम चालू ठेवा, कान तेवढे इकडे द्या.

आपली भिवंडी मागांची आणि गोदामांची. खाडी आहे, पण हवापालटाला यावं असा किनारा आपल्याला नाही. तरी आज मी समुद्रकाठच्या हॉटेलाबद्दल बोलणार आहे. मोठ्या हॉटेलाबद्दल नाही, घरच्या माणसांनी चालवलेल्या दोन-चार खोल्यांच्या. त्याला कारण आहे. वज्रेश्वरी-गणेशपुरीकडच्या बायकांनी बैठकीत विचारलं होतं, "आमच्याकडे दर्शनाला, गरम पाण्याच्या कुंडांवर माणसं येतात. घरातली एखादी खोली आणि जेवण दिलं तर परवडेल का?" ज्यांनी हे करून पाहिलंय, त्यांचं वर्ष कसं जातं ते आधी बघू. मग उत्तर आपोआप सापडेल.

माझी मावसबहीण रायगड जिल्ह्यात, श्रीवर्धन तालुक्यातल्या दिवेआगरला दिली आहे. लांबलचक किनारा, नारळी-पोफळीच्या वाड्या आणि वाडीत घर, असं ते गाव. श्रीवर्धनी रोठा सुपारी म्हणतात, ती त्याच भागातली. १९९७ साली तिथं एका वाडीत खणताना पेटी लागली आणि तीत सोन्याचा गणपती निघाला. बघायला लांबून माणसं येऊ लागली. त्यांना राहायला-जेवायला हवं, म्हणून घराघरांतून खोल्या निघाल्या. कुणी पडवी बंद केली, कुणी मागच्या अंगाला दोन खोल्या चढवल्या. केळीच्या पानावरचं जेवण आणि उकडीचे मोदक यांचं नाव झालं.

पुढे मार्च २०१२ मध्ये ती मूर्ती चोरीला गेली. गर्दी ओसरली. ज्यांची सगळी भिस्त गणपतीच्या दर्शनावर होती, त्यांना फटका बसला. ज्यांचे पाहुणे जेवणासाठी, शांततेसाठी, समुद्रासाठी पुन्हा येत होते, ते तगले. पुन्हा मूर्ती घडवून २०२१ मध्ये देवळात बसवली, तोवर मधे नऊ वर्षं गेली. म्हणून पहिली गोष्ट लक्षात ठेवायची. पाहुणा पहिल्यांदा येतो तो देवाच्या किंवा समुद्राच्या नावानं. दुसऱ्यांदा येतो तो तुमच्या हातच्या जेवणासाठी आणि स्वच्छ खोलीसाठी.

आता वर्ष कसं जातं ते सांगते.

खरा सीझन दिवाळीच्या सुट्टीत उघडतो. नाताळ ते एकतीस डिसेंबर घरात पाय ठेवायला जागा नसते. जानेवारी-फेब्रुवारीत शनिवार-रविवार भरतो, मधले पाच दिवस मोकळे. मार्चमध्ये मुलांच्या परीक्षा, त्यामुळे सगळं थंड. मग एप्रिल-मे पुन्हा झुंबड.

सीझनच्या दिवशी ताई पहाटे पाचला उठते. पंप लावायचा, अंघोळीचं पाणी तापवायचं, चहा, मग पोहे नाहीतर घावने. अकरा वाजेपर्यंत "ताई, जेवायला किती वाजता?" सुरू. एक जण शाकाहारी, एकाला सुरमई, एकाच्या लहान मुलाला मऊ भात. दुपारी एक कुटुंब जातं, तासाभरात दुसरं येतं. त्या तासात चादरी बदलायच्या, संडास-बाथरूम धुवायचं, केरकचरा, वाळू झाडायची. वाळू कितीही झाडा, ती असतेच. रात्री भांडी आवरून पाठ टेकायला अकरा.

पाऊस सुरू झाला की पाहुणे कमी होतात, काम मात्र संपत नाही. मे संपायच्या आत कौलं शाकारून घ्यायची, लाकडं आत घ्यायची. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद. त्या दिवसांत कुणी आलंच तर ताटात सुकट, बोंबील, कडधान्याची उसळ, अळूचं फदफदं. त्यासाठी सुकी मासळी मे महिन्यातच भरून ठेवावी लागते. खाऱ्या हवेनं खिडक्यांचे गज, नळ, पंखे गंजतात. गाद्यांना कुबट वास लागतो. जरा उघडीप मिळाली की गाद्या बाहेर, ढग आला की आत. शिवाय भाताची लावणी असते. मग गणपती येतात आणि मुंबईचे चाकरमानी घरी. घर भरलेलं, पण ही सगळी आपली माणसं, भाडं कुणाकडून घेणार? नवरात्र झालं की रंग, दुरुस्ती, नव्या चादरी. म्हणजे पैसे येतात चार-पाच महिने, काम बारा महिने.

मधले रिकामे दिवस भरता येतात का? येतात. बाणकोट खाडीच्या पलीकडे, मंडणगड तालुक्यात वेळास गाव आहे. तिथल्या किनाऱ्यावर समुद्री कासवं अंडी घालतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेनं २००२ मध्ये गावकऱ्यांना बरोबर घेऊन ती घरटी राखायला सुरुवात केली. पुढे कासव महोत्सव सुरू झाला. साधारण फेब्रुवारी ते एप्रिल पिल्लं बाहेर पडून समुद्राकडे जातात, ते बघायला माणसं येतात आणि गावातल्या घरांतच राहतात, घरचंच जेवतात. दिवेआगरला थंड असणारा मार्च वेळासला भरलेला असतो, तो असा. जे आपल्या गावात आहे ते राखलं आणि मग दाखवलं.

आता दुःखाचं सांगते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, उन्हाळ्याचा सगळा सीझन बुडाला. तेवढ्यानं भागलं नाही. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-मुरूडच्या पट्ट्यातच किनाऱ्याला लागलं. ताईच्या घराची कौलं पानासारखी उडाली. वाडीतली पोफळं काडेपेटीतल्या काड्यांसारखी मोडून पडली. खोली चार महिन्यांत उभी राहते. पोफळ आणि माड लावल्यावर फळ धरायला पाच-सात वर्षं जातात. पाहुणे ज्या सावलीसाठी यायचे ती सावलीच गेली.

पंचनाम्याला माणसं आली, तेव्हा पहिला प्रश्न आला, सातबारा कुणाच्या नावावर? सातबाऱ्यावर सासरे, चुलतसासरे, मुंबईचे दीर. घरपट्टी नवऱ्याच्या नावावर. बँक खातं नवऱ्याचं. वीस वर्षं पहाटे पाचला उठणाऱ्या ताईचं नाव एकाही कागदावर नव्हतं. भाऊजी चांगले आहेत, भांडण कसलंच नाही. पण ताई मला म्हणाली, "मी या हॉटेलात कोण होते गं?" मला उत्तर देता आलं नाही.

ते उत्तर मग आम्ही दोघींनी वहीत शोधलं. आकडे मी सोपे करून सांगते, नुसतं उदाहरण म्हणून. वही जवळ असेल तर लिहून घ्या.

दोन खोल्या धरा. वर्षात ८० दिवस भरल्या. भाडं रोजचं १२०० रुपये. दोन गुणिले ८० गुणिले १२००, म्हणजे १ लाख ९२ हजार. जेवणाचा हिशोब वेगळा ठेवू. आता खर्च. वीज-पाणी २४ हजार. धुलाई, साबण, चादरी १८ हजार. मदतीला एक बाई, ८० दिवस, रोज ४०० प्रमाणे ३२ हजार. रंग-दुरुस्ती ३० हजार. गाद्या, पंखे, पंप कधीतरी बदलावे लागतात, त्यासाठी बाजूला १५ हजार. कर, नोंदणी, पाटी ८ हजार. एकूण १ लाख २७ हजार. उरले ६५ हजार. घरात सगळे म्हणतील, पासष्ट हजार नफा!

थांबा. मदतीच्या बाईला रोज ४०० दिले. मग मालकिणीनं काम फुकट केलं का? तिचे ते ८० दिवस आणि सीझनच्या आधी-नंतरच्या तयारीचे ३० दिवस, असे ११० दिवस धरा. ४०० प्रमाणे ४४ हजार झाले. ती तिची मजुरी. नफा राहिला २१ हजार. मजुरी वहीत लिहिली नाही, तर खोली स्वस्तात दिली जाते, आणि ती स्वस्ताई बाईच्या पाठीतून वसूल होते. भाडं ठरवताना ही ओळ आधी लिहायची. आणि एक वर्ष बुडालं तर चूल पेटेल एवढी रक्कम नफ्यातून बाजूला काढायची. २०२० नं हे शिकवलंय.

दुसरी गोष्ट कागदाची. महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये महिलांसाठी 'आई' नावाचं पर्यटन धोरण आणलं. त्यात महिलांच्या पर्यटन व्यवसायाला १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरच्या व्याजाचा परतावा, ठरलेल्या मर्यादेत, ठेवला आहे. पण अट अशी, की व्यवसाय बाईच्या मालकीचा हवा आणि तिनंच चालवलेला हवा. म्हणजे राबते ती एक आणि कागदावर दुसरा, असं असेल तर दारात आलेली मदत परत जाते. चौकशी पर्यटन संचालनालयाकडे करायची. घरातल्या खोल्यांसाठीची निवास व न्याहारी योजनाही तिथंच विचारायची.

आता वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या बायांनो, तुमच्याकडे वळते. तुमचं वर्ष समुद्राचं नाही, देवाचं आहे. चैत्रातली जत्रा, नवरात्र, गुरुपौर्णिमा आणि थंडीत कुंडांवर येणारी माणसं. म्हणून आधी खोली बांधू नका, आधी कॅलेंडर भिंतीवर लावा. वर्षभर कुठल्या दिवशी किती माणसं आली, मुक्काम करणारी किती, दर्शन घेऊन परतणारी किती, त्याच्या खुणा करा. परतणारीच जास्त दिसली तर खोलीपेक्षा खानावळ बरी. तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी शहरातल्या माणसाला अप्रूपाची असते. देवळाच्या वाटेवर मात्र शाकाहारी ताट वेगळ्या भांड्यांत ठेवा.

सुरू करायचं ठरलं तर जेवणासाठी अन्न सुरक्षेची नोंदणी करा. पाहुण्यांची वही ठेवा, ओळखपत्राची प्रत घ्या. खोलीला आतून-बाहेरून नीट कडी हवी, पाहुण्यांसाठीही आणि तुमच्यासाठीही. आगाऊ रक्कम घ्या आणि ती परत कधी मिळेल, कधी नाही, ते आधीच सांगा. विम्याची चौकशी करा. आणि नोंदणी, खातं, पाटी यांतल्या निदान एका ठिकाणी आपलं नाव घालून सुरुवात करा.

ताईच्या वाडीत आता नवी पोफळं उभी राहिली आहेत. दारावर पाटीही नवी आहे. खाली चालवणाऱ्याचं नाव असतं ना, तिथं आता तिचं नाव आहे. गेल्या वेळी गेले तेव्हा तिनं मला चहा दिला आणि म्हणाली, "बस, आधी वही लिहून घेते."

पुढच्या बैठकीला कोऱ्या वह्या घेऊन या. पहिली ओळ आपण मिळून लिहू, 'माझी मजुरी'. नमस्कार.